मुकं पिल्लू

माझा आवाज मोठा आहे. आहे म्हणजे आहेच, त्यात लाजायचं काय? तीसेक वर्षं भिंगारात प्राथमिकच्या पोरांना शिकवलं. एकेका वर्गात साठ-साठ पोरं, डोक्यावर पत्रे, बाहेर रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या. तिथं बारीक आवाजाच्या बाईचं काम नव्हतं. मी दुसरीच्या वर्गात पाढे सुरू केले की भिंतीपलीकडची तिसरीची पोरं आपसूक माझ्यामागे म्हणायला लागायची, आणि तिथल्या बाई माझ्यावर चिडायच्या.

त्या आवाजावर मी पोट भरलं, पण घरात त्यानंच घोटाळा करून ठेवला. ह्यांना ऐकू येईनासं झालंय, हे त्या आवाजापायी कित्येक वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

हे म्हणजे माझे मिस्टर. छावणीत लष्करी गाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात ह्यांची उभी नोकरी गेली. वयानं म्हणा, कामानं म्हणा, कान हळूहळू जात होते. आधी बारीक, चिरके आवाज गेले. कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, दाराची कडी. जाड, भरीव आवाज राहिले, तेही समोरून आले तर, आणि माझा आवाज तर काय, नगारा! मी समोर उभी राहून बोलले की ह्यांना सगळं कळायचं. पाठ फिरवून बोलले की काही नाही. पण बायको पाठ फिरवून जे बोलते ते कुठल्या नवऱ्याला ऐकू येतं? म्हणून मलाही कधी शंका आली नाही.

मी रिटायर झाले, दोघंही दिवसभर घरात राहायला लागलो, तेव्हा उजेड पडला. एकदा मी मोरीत धुणं धूत होते. आत कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या. हे कुकरपासून हातभर अंतरावर पेपर वाचत ढिम्म बसलेले. मी ओल्या हातानं धावत आले तोवर डाळीचा कोळसा झालेला, घरभर धूर, आणि हे मान वर करून विचारतात, "काय गं, काही करपलं का?" मी गॅस बंद केला आणि ह्यांच्या कानांकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवताना म्हटलं, "अहो, एकदा कान दाखवून या." झालं! ताट सरकवून उठले. "माझ्या कानाला काय धाड भरलीय? हल्ली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात." आमच्या गल्लीत तेव्हा नुकतंच केबल आलं होतं. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईवर तर ह्यांचा फारच राग. "ही पगार कशाचा घेते? नुसती पुटपुटते." आठवडाभर माझ्याशी अबोला. पुन्हा विषय काढला, पुन्हा अबोला. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसानं!

विहारात तर वेगळंच सुरू झालं होतं. बायका मला बाजूला घेऊन म्हणायच्या, "तुमच्या मिस्टरांना पेन्शनचा माज आलाय का हो? मागून जयभीम घातला तर वळूनसुद्धा बघत नाहीत." आमच्यात जयभीमला जयभीम न देणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखं. मी काहीबाही सांगून वेळ मारून न्यायचे. त्यांच्या डोक्यात नाही हो तसं, विचारात असतात. लोकांना पटायचं नाही. एकेक जण ह्यांच्याशी बोलायचा थांबला, आणि ह्यांना वाटायचं लोकच बदललेत.

मला खरी भीती होती ती रस्त्याची. हे रोज सकाळी पाथर्डी रोडनं फिरायला जायचे. एकदा मी भाजी घेऊन येत होते आणि हे समोर चालले होते. मागून माणसांनी खचाखच भरलेली जीप आली. जीपवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, शेवटी त्यानं करकचून ब्रेक मारला आणि ह्यांच्या धोतराला घासून जीप काढली. जाताना शिव्यांची लाखोली वाहिली. त्याही ह्यांना ऐकू आल्या नाहीत. मी तिथंच रस्त्याकडेला भाजीची पिशवी खाली ठेवून उभी राहिले. एक दिवस हा माणूस रस्त्यावरच जाणार, ही धास्ती तेव्हापासून माझ्या मनात बसली. ह्यांनी एकदा कबूल करावं आणि कान दाखवावेत, एवढंच मागणं होतं माझं. आणि नेमकं तेच होत नव्हतं.

अशात पाथर्डीकडून माझी नणंद आली. यष्टीतून उतरली ती तारेची पिशवी पोटाशी धरून, आणि पिशवीतून एक तांबूस डोकं बाहेर. कंडक्टरनं पिशवी उघडायला लावली तर पिल्लानं त्याचं बोट चाटलं, म्हणून त्यानं उतरवलं नाही म्हणे.

"वैनी, तुमी दोगंच ऱ्हाता. घराला राखन नको का? ही जात लई हुशार हाय."

"अगं, या वयात हे लचांड कशाला आणलंस? आमचीच राखण करायला कोणीतरी लागेल आता!"

"दादाला इचारा," ती म्हणाली. दादानं तोवर पिल्लू मांडीवर घेतलं होतं.

नावावरून आमचं भांडण झालं. ह्यांना साहेबाच्या कुत्र्याला शोभेल असं नाव हवं होतं, मला हाक मारायला सोपं. भांडण काही मिटलं नाही, म्हणून पिल्लूच म्हणत राहिलो. पुढं ते गुडघ्याच्या वर वाढलं तरी पिल्लूच.

काय तो जीव आणि काय तो उत्साह! आम्ही साठीची माणसं. खाली बसलो की उठताना भिंत धरणारी. आणि हे पहाटेपासून अंगणात भिंगरी. पहिल्या आठवड्यात त्यानं ह्यांच्या चपलेचा अंगठा खाल्ला, माझा लोकरीचा गुंडा घरभर फिरवला, दोरीवरची धुतलेली साडी ओढून तिच्यावर ताणून दिली, आणि मी जपलेलं मोगऱ्याचं रोप मुळासकट उपटून माझ्याच पायाशी आणून ठेवलं. वर शेपूट हलवतंय, शाबासकी द्या म्हणून! मी लाटणं घेऊन धावले तर त्याला तो खेळच वाटला.

आणि भुंकणं! दूधवाल्यावर, सायकलवर, कावळ्यावर, शेजारणीच्या कोंबड्यांवर, वाळत घातलेल्या पापडांवर. आवाज तर असा चिरका की कानात सुई घातल्यागत. शेजारीण भिंतीवरून ओरडायची, "बाई, आवरा त्याला, दुपारचा डोळ्याला डोळा लागत नाही." मला भूक लागली म्हणून भुंकायचं, दार उघड म्हणून भुंकायचं, नुसतंच करमत नाही म्हणूनही भुंकायचं.

आता पुढं सांगते ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता.

पहिले काही दिवस ते ह्यांच्यावरही भुंकलं. ह्यांच्या खुर्चीमागं उभं राहून भुंकायचं, पुन्हा भुंकायचं, मग मान वाकडी करून बघत राहायचं. हे पेपरात. आणि मग एक दिवस ते भुंकायचं थांबलं. फक्त ह्यांच्यापुरतं. माझ्यावर भुंकणं सुरूच, जगावर भुंकणं सुरूच, पण ह्यांच्याकडं काही मागायचं असलं की ते खुर्चीला वळसा घालून समोर यायचं, ह्यांच्या तोंडाकडं बघायचं, आणि पुढचा एक पाय ह्यांच्या पावलावर ठेवायचं. हे कुशीवर झोपलेले असले तर ज्या बाजूला तोंड असेल त्या बाजूला जाऊन बसायचं. दारात कोणी आलं तर माझ्यासाठी जागेवरून भुंकायचं, पण ह्यांच्यासाठी धावत आत यायचं, गुडघ्याला नाक लावायचं आणि पुन्हा दाराकडं पळायचं.

मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तांदूळ निवडत होते. सूप बाजूला ठेवलं आणि नुसती बघत बसले. अहो, माझ्या वर्गात एखाद्या पोराला फळा दिसत नाही म्हणून ते मागं पडतंय, हे ओळखायला मला सहामाही परीक्षा लागायची. घरच्या माणसाचे कान गेलेत हे कळायला डाळ करपावी लागली. विहारातल्या शहाण्यासुरत्या माणसांना अजून कळलेलं नव्हतं, ती माज म्हणत होती. आणि ह्या दोन-अडीच महिन्यांच्या, दूध पिताना वाटीत पाय बुडवणाऱ्या जिवाला ते कळलं होतं. कळलं, आणि त्यानं राग नाही धरला, रुसून बसलं नाही. आपली बोलायची रीत बदलली, बस. कोणी शिकवलं त्याला?

पुढं ह्यांच्याबरोबर ते फिरायला जायला लागलं. एकदा मी गपचूप मागं गेले. पिल्लू ह्यांच्या पुढं-मागं बागडत होतं, शेण हुंगत होतं, फुलपाखरामागं धावत होतं. मागून ट्रक आला. ट्रक अजून वळणावर होता तेवढ्यात ते सगळं सोडून धावत आलं, ह्यांच्या पायात आडवं झालं आणि पावलावर चक्क बसलं. हे अडखळले, चिडले, "ऊठ की गाढवा!" तोवर ट्रक बाजूनं निघून गेला. मग ते उठलं आणि पुन्हा शेण हुंगायला लागलं. घरी येऊन हे मला सांगतात, "हे लई आडमुठं आहे. चालता चालता मधेच बसतं." मी पदर तोंडावर धरून आत गेले. तेव्हा रडू येत होतं की काय होत होतं, मला सांगता येणार नाही.

आणि मग ती कमाल झाली. मी भाकरी थापत होते. पिल्लू माझ्या पायाशी उभं राहून भाकरीच्या तुकड्यासाठी घर डोक्यावर घेत होतं. हे दारात उभे राहून त्याच्याकडं बघत होते. डोळे भरलेले.

"तुला एक सांगू का?" हे म्हणाले. "हे पिल्लू मुकं आहे."

माझा हात पिठात तसाच राहिला.

"बघ ना. तोंड उघडतं, जीव तोडून सांगायला बघतं, पण आवाज फुटत नाही. जन्मापासूनच असणार. बिचारं!"

काय बोलणार, कप्पाळ! पिल्लू मुकं नाही म्हणायचं म्हणजे तुम्ही बहिरे आहात म्हणायचं, आणि त्याचं फळ मला ठाऊक होतं. शिवाय खरं सांगते, त्या पिल्लासाठी हे ज्या मायेनं वाकले होते, तसे इतक्या वर्षांत कशासाठी वाकलेले मी पाहिले नव्हते. ती माया माझ्याच्यानं मोडवेना. मी गप्प बसले. मी, जी कधी गप्प बसत नाही.

मग इलाज सुरू झाले. आवाज सुटायला ज्येष्ठमध उगाळून. घसा मोकळा व्हायला हळदीचं दूध. वर मधाचं बोट. पिल्लू मिटक्या मारत सगळं चाटायचं आणि त्याचा आवाज आणखी खणखणीत व्हायचा. शेजारीण तक्रार घेऊन आली तर हे तिच्यापुढं हळहळले, "मुकं आहे हो बिचारं." पिल्लू तेव्हा तिच्या चपलेवर भुंकत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मागून हात जोडले. बाई भली, मान हलवून निघून गेली.

शेवटी हे म्हणाले, आता डॉक्टरला दाखवायचं. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आम्ही रिक्षानं गेलो, पिल्लू ह्यांच्या मांडीवर. मला वाटलं, बरंच झालं, डॉक्टर सांगेल, माझ्यावर तरी यायचं नाही. दवाखान्यात ही गर्दी. खोड्यात एक म्हैस उभी, दोन-तीन शेरड्या, आणि त्यांचे मालक. पिल्लानं जन्मात एवढी मोठी म्हैस पाहिली नव्हती. त्यानं जे भुंकायला सुरुवात केली, ते काय सांगावं! शेरड्या ओरडायला लागल्या, म्हैस खोडा हलवायला लागली.

ह्यांनी त्याला टेबलावर ठेवलं आणि त्या गोंधळात शांतपणे सांगितलं, "डॉक्टर, हे जन्माचं मुकं आहे. काही इलाज आहे का?"

डॉक्टर तरुण होता. आधी त्याला वाटलं म्हाताऱ्यानं थट्टा मांडलीय, तो हसला. शेरड्यांचे मालक खो खो हसायला लागले. मी ह्यांच्या मागं उभी होते. मी माझ्या कानाला हात लावला, ह्यांच्याकडं बोट दाखवलं आणि मान हलवली. डॉक्टरचं हसू विरलं. पण बोलायचं कसं, ते त्यालाही सुचेना.

त्याचं गप्प राहणं बघून ह्यांना वाटलं, डॉक्टरला रोग सापडत नाहीये. मग ह्यांनी स्वतःच हात घातला. वर्कशॉपात एखादं इंजिन अडलं की हे हत्यार उचलायच्या आधी त्याच्यावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. धडधडीवरून ह्यांच्या हाताला खोट कळायची. तसाच एक हात ह्यांनी पिल्लाच्या छातीवर ठेवला, दुसरा गळ्याखाली, आणि डोळे मिटले.

पिल्लू म्हशीवर भुंकतच होतं. प्रत्येक भुंकण्याला ह्यांचे हात हादरत होते. मला दिसत होतं ते. ह्यांनी हात जरा सरकवले, पुन्हा ठेवले, बोटं घट्ट केली. कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग डोळे उघडले. पिल्लाच्या तोंडाकडं पाहिलं. कोपऱ्यात एक जण कानात बोटं घालून हसत होता, त्याच्याकडं पाहिलं. डॉक्टरकडं पाहिलं. आणि शेवटी माझ्याकडं.

"ह्याला तर काही झालेलं नाही," हे म्हणाले. आवाज अगदी खाली गेलेला.

मला ह्यांच्या डोळ्यांकडं बघवेना. आजूबाजूची माणसं हसायची थांबली होती. डॉक्टरनं पिल्लाच्या डोक्यावर थोपटलं, ह्यांच्या समोर येऊन तोंड नीट उघडून सांगितलं, "आजोबा, पिल्लू एकदम ठणठणीत आहे." हे मान हलवून बाहेर पडले.

रिक्षा नको म्हणाले. चालत निघालो. रस्त्यात मागून जीप आली आणि पिल्लू नेहमीसारखं येऊन ह्यांच्या पावलावर बसलं. आज हे चिडले नाहीत. थांबले, आणि सावकाश मागं वळून पाहिलं. जीप धुरळा उडवत निघून गेली.

"हे पहिल्यापासून असंच करतं?"

मी मान हलवली.

"आणि त्याला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही हो," मी म्हटलं. "कोणीसुद्धा नाही."

आम्ही दोघं भर उन्हात त्या एवढ्याशा जिवाकडं बघत उभे राहिलो. देवळात किंवा विहारात उभं राहावं तसे. त्याला काही पत्ताच नव्हता. ते उसाचं चिपाड चघळण्यात गुंग होतं.

घरी आल्यावर मी चहा टाकला. हे ओट्यावर बसले, पिल्लू ह्यांच्या मांडीवर झोपून गेलेलं. मी कप समोर धरला तेव्हा म्हणाले, "उद्या सिव्हिलला जाऊ. कान दाखवू." मी बरं म्हटलं. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं, आणि मला आनंद काही होईना. कारण ह्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

"तू मागून, आतून, मोरीतून जे बोलायचीस," हे थांबत थांबत म्हणाले, "ते माझ्यापर्यंत आलंच नाही म्हणजे. काय काय बोललीस गं?"

"काही नाही हो. भाजी काय करू, एवढंच."

"एवढंच नसणार. मी काय तुला ओळखत नाही? सांग परत."

कोणी मला गप्प राहा म्हटलं तर मला राग येतो, पण बोल म्हटल्यावर कुठून सुरुवात करावी ते कळेना. शिव्याच फार होत्या त्यात, त्या कशाला आता! मग एक आठवलं. रिटायर झाले त्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन घरी आले होते. साडीही न बदलता चहा ठेवला, आणि गॅसकडं तोंड करूनच मागं बसलेल्या ह्यांना मनातलं सांगितलं. बराच वेळ थांबले. उत्तर आलं नाही. तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाला माझं काही पडलेलंच नाही. त्यानंतर तसलं काही मी कधी बोललेच नाही, फक्त आवाज तेवढा वाढवत गेले.

मी पाट ओढला, ह्यांच्या अगदी समोर बसले, उजेड तोंडावर येईल अशी.

"मी रिटायर झाले ना," मी म्हटलं, "त्या दिवशी मला फार भीती वाटली होती."

हे पुढं वाकले. डोळे माझ्या ओठांवर.

"कशाची गं?" हे लगेच म्हणाले.